कॅमेरा बंद झाला की

८ जानेवारी २०२३

कुंता! साऱ्या दिघोरीत त्याला कुंताच सापडावी!

प्रविण तसा गुणी मुलगा. जवळच्या करडी गावचा. पुण्याला सिनेमा शिकला आणि आता आपल्याच भागात, आपल्याच बोलीत सिनेमा करायचा म्हणतो. गया आणि भागा नावाच्या दोन विधवा बाया, पोरांचं न ऐकता एका घरात, एका चुलीवर राहतात — एवढीच गोष्ट. नट्या नकोत, गावातल्याच बाया पाहिजेत. गेल्या आठवड्यात माझ्याकडून चार वाक्यं म्हणवून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमची गया." शाळेत इतकी वर्षं पोरांची नाटकं बसवली, स्वतः कधी उभी राहिले नव्हते. मनातून नाचलेच!

आज येऊन म्हणतो, "भागा पण सापडली! तुमच्या समोरच राहतात. कुंताबाई."

त्याला काय माहीत. गावानं सांगितलं नाही त्याला — मजा पाहायची असेल.

९ जानेवारी

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

कुंता आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो. ती शेतावर, मी शाळेत, पण संध्याकाळी ओसरीवर, तिच्या नाही तर माझ्या सपरीत. मधला रस्ता कधी रस्ता वाटला नाही. तिच्या अमरचं आणि माझ्या गुंजनचं लग्न ठरलं तेव्हा तर वाटलं, झालं, आता एकच घर.

सुपारी फुटली. पत्रिका छापायला गेल्या. आणि कुंतानं मोडलं.

कारण? "जमत नाही." बस्स. तेही स्वतः आली नाही. गावातल्या गोपीचंदभाऊंच्या तोंडी निरोप. आणि वर्षाच्या आत अमरचं लग्न नागपूरच्या दीपमालाशी! मग काय, कारण साऱ्यांनाच कळलं. ह्यांनी तिला भर चौकात नाही नाही ते ऐकवलं. ती मान खाली घालून उभी होती म्हणे. एक शब्द उलटून नाही.

तेव्हापासून अबोला.

गुंजनचं म्हणावं तर चांगलंच झालं. नागपूरला नर्सिंग केलं, रायपूरला नोकरी लागली, तिथंच मनिष भेटला. अमरही आपल्या संसारात. कुंताचे मालक गेले, मग हेही गेले. ज्यांचं भांडण ते सारे सुटले. उरलो आम्ही दोघी. रस्त्याच्या दोन बाजूंना.

मोडलं त्याचं नाही एवढं. येऊन सांगितलं नाही, त्याचं आहे.

१० जानेवारी

नाही म्हणायलाच गेले होते. वाटेत गोपीचंदभाऊ भेटले. हसत म्हणाले, "कुंताबाईले इचारलं मी, मास्तरीणबाई संगं जमंल का? तर म्हणते, 'ते करत असंल तर मी काहून भिऊ?'"

मग मी कशाला मागे सरू!

प्रविणला हो सांगून आले.

१२ जानेवारी

पहिला दिवस. साकोलीच्या लॉजवर उतरलेत ते सगळे, सकाळी दोन गाड्या भरून आले. गोपीचंदभाऊंच्या जुन्या घरात गया-भागाचं घर केलंय. मला तिथली चूल पाहून हसू आलं. आजकाल गावात चूल पेटवतं कोण!

आम्ही दोघींनी समोरासमोर बसून वालाच्या शेंगा सोलायच्या आणि बोलायचं. मी शेंगांकडेच पाहत होते. कुठे पाहणार?

प्रविण म्हणाला, "ॲक्शन."

आणि कुंता बोलली. "गये, तुह्या पोराचा फोन आला होता काय व?"

वाक्य प्रविणचं. आवाज तिचा. इतक्या वर्षांनी माझ्याकडे तोंड करून! मी माझं वाक्य विसरले. परत घेतलं. परत विसरले. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे न पाहता प्रविणला म्हणाली, "त्यायले म्हणा, घाई नाई काई."

कॅमेरा बंद झाला की ती तिच्या खुर्चीत, मी माझ्या. मध्ये दिव्यांच्या वायरी.

१५ जानेवारी

संक्रांत. शूटिंगला सुट्टी. गुंजनचा फोन आला, घाईत होती, ड्यूटीवर. सिनेमाचं सांगितलं तर म्हणाली, "कुंतामावशीसोबत? खरंच?" मग "बरं झालं आई" आणि फोन बंद.

तिळगूळ केला. कोणाला द्यायचा म्हणून थोडाच केला.

१६ जानेवारी

आज कुंता माझ्याशी कितीतरी बोलली. सगळं प्रविणनं लिहिलेलं.

१९ जानेवारी

आजचं लिहू की नको.

गया भागाच्या डोक्याला तेल लावून देते, असा सीन होता. बोलायचं काही नाही. प्रविण म्हणाला, "मॅडम, घरी लावता तसंच लावा, मी कॅमेरा चालू ठेवतो." घरी कोणाला लावते मी!

कुंता पुढ्यात बसली. अंबाडा सोडला. केव्हाची पांढरी झाली ही! पूर्वी हिचे केस माझ्या दोन मुठीत मावायचे नाहीत. आता टाळू दिसते. मानेवर डाव्या बाजूला तो जुना भाजल्याचा डाग. गुंजनच्या बारशाला माझ्या घरी पुऱ्या तळताना तेल उडालं होतं, तो. मी त्या डागाला बोट लावलं. का लावलं, माहीत नाही. ती जराशी हलली.

प्रविणनं "कट" म्हटलेलं मला ऐकू आलं नाही. तिला आलं असणार. तरी ती उठली नाही. कोणीतरी दिवा विझवला तेव्हा उठली, पदर घेतला आणि गेली.

हाताचा तेलाचा वास गेला नव्हता संध्याकाळपर्यंत. जेवताना चमच्यानं जेवले.

२५ जानेवारी

शेवटचा दिवस. सगळे खुश. केक कापला. आम्हा दोघींच्या हातात एकच सुरी दिली, फोटो काढले. मंगेश कॅमेरावाला म्हणाला, "जरा हसा, मैत्रिणी आहात तुम्ही!" आम्ही हसलो. सवय झाली होती.

मग गोपीचंदभाऊंनी प्रविणला सांगितलंच. तो माझ्याकडे आला, तोंड उतरलेलं.

"मॅडम, तुम्ही दोघी खरंच बोलत नाही?"

"नाही."

"मग एवढे दिवस... ते तेलाचं वगैरे..."

"तूच लिहिलं होतं ना."

तो म्हणाला, "तेल लावा, एवढंच लिहिलं होतं मॅडम. बाकीचं मी लिहिलेलं नव्हतं."

२७ जानेवारी

गाड्या गेल्या. गावात पुन्हा आपला तो शुकशुकाट. कुंता सकाळी अंगण झाडत होती, मी गेटात उभी होते. वाटलं, बोलेल. तिलाही वाटलं असेल, ही बोलेल.

पूर्वीचा अबोला बरा होता. त्यात काही अपेक्षा नव्हती.

१८ ऑगस्ट

धानाची रोवणी आटोपली, बाया मोकळ्या झाल्या. प्रविणचा फोन. सिनेमा अजून पुरा नाही. आवाजाचं काम राहिलंय म्हणे. "तुम्ही दोघी कशा आहात?" — दोघी! मी म्हटलं, "बऱ्या आहोत."

कुंताला ताप आहे. खोकला इथवर ऐकू येतो. शेजारची चंद्रकला दोन वेळ जाऊन येते तिच्याकडे. मी चंद्रकलेला विचारलं, "काही खाल्लं का?" ती म्हणाली, "कोणी? कुंताबाईनं? तुम्हीच जाऊन पाहा ना बाई."

गेले नाही. खोकला मोजत पडून राहिले.

२ फेब्रुवारी २०२४

आमचा सिनेमा केरळात कुठल्याशा महोत्सवात दाखवला! प्रविणनं फोटो पाठवला. मोठ्ठा पडदा, त्यावर कुंता आणि मी. समोरच्या खुर्च्या बऱ्याच रिकाम्या. बक्षीस नाही मिळालं. "पण एक बाई रडल्या मॅडम," तो म्हणाला.

हे ऐकून पहिल्यांदा कोणाला सांगावंसं वाटलं, ते इथं लिहीत नाही.

१२ डिसेंबर

उद्या लागतो! भंडाऱ्याच्या एका टॉकीजमध्ये, दुपारी बाराचा एकच खेळ. नागपूर-पुण्याला कोणी घेतला नाही. 'गया-भागा' नावाची पोट्टे आत्ताच टर उडवून राहिले चौकात, "पिक्चर लागायच्या आधीच गया, पाहणारा भागा!"

गुंजनला यायचं होतं, सुट्टी नाही. गोपीचंदभाऊ म्हणाले, गावातून गाडी करू. कोणी नावं दिली नाहीत. धान चुरायचे, मळणीचे दिवस आहेत, कोणाला वेळ आहे?

मी परवा जाते. पहिल्याच दिवशी एकटी गेलेली बरी दिसत नाही.

१४ डिसेंबर

जाऊन आले. आजच लिहिलं पाहिजे.

साकोलीला बस बदलली, साडेअकराला टॉकीजला. तिकीटवाला म्हणाला, "मावशी, हा मराठी आहे, हळू आहे. दुसरा लावलाय शेजारी, तो पाहा." मी म्हटलं, "हाच पाहायचा." त्यानं माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. पोस्टरवर मी होते! त्याला काही कळलं नाही. कॉलेजचा तास बुडवून आलेली चार-पाच पोरं, मागे कोपऱ्यात एक जोडपं, आणि मी. मी मधल्या रांगेत कडेला बसले.

दिवे गेले आणि पडद्यावर आपली गावची बोडी दिसली, पाण्यावर धुकं. मला रडूच आलं. इतकी सुंदर आहे का ती!

डोळे अंधाराला सरावले तेव्हा पाहिलं, पुढे, अगदी पुढे, एकटीच एक बाई. पांढरा अंबाडा. त्या डोक्याला मी तेल लावलेलं आहे. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

कुंता! पहाटेच्या गाडीनं आली असणार. एकटी. जिला साकोलीच्या पलीकडे जायचं तर अमर लागतो!

मग मी सिनेमा कमी आणि तिलाच जास्त पाहिलं. पडद्यावर आम्ही दोघी एका ताटात जेवत होतो. खाली ती तिथे, मी इथे. मध्ये रिकाम्या रांगाच रांगा.

मध्यंतरानंतर गयाचा एक मोठा सीन आहे. भागाचा पोरगा भांडायला येतो आणि गया त्याला सुनावते. माझं सगळ्यात लांब भाषण. प्रविणनं फार मेहनत घेतली होती त्याच्यावर. पण पोरं कंटाळली होती. एक मोठ्यानं म्हणाला, "ए बुढी, बस कर ना बे! किती बोलते!" बाकीचे खिदळले. मी खुर्चीत एवढीशी झाले.

तर पुढून आवाज आला.

"चूप बस रे! माही मैतरीण बोलून राहिली तिथं. आयकू दे मले!"

उभी राहिली होती ती. पडद्याच्या उजेडात पाठमोरी. पोरं दबक्या आवाजात "चल बे, चल" करत उठून गेली. कुंता खाली बसली. माझं भाषण तिनं पूर्ण ऐकलं.

तिला माहीत नव्हतं मी आत आहे. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दिवे लागायच्या आत मी बाहेर पडले. का? जायला हवं होतं ना पुढे! तिथे कोणी नव्हतं, गाव नव्हतं, कोणी हसणार नव्हतं. पाय वळलेच नाहीत. तिची गाडी चुकवून मागच्या गाडीनं आले. तिच्या घरी दिवा होता.

माही मैतरीण — गयाला म्हणाली असेल ती. भागाची मैत्रीण गया. सिनेमातली. दुसरं काय.

१५ डिसेंबर

सिनेमा काढला. तीन दिवसही नाही. प्रविणनं फोन करून सांगितलं. मीच म्हटलं, "बाळा, मी पाहिला. चांगला केलास रे." म्हणाला, "तुम्ही एकट्याच असाल मॅडम."

एकटी नव्हते, हे सांगितलं नाही.

२९ डिसेंबर

आज नळावर गाठ पडली. दोघीच होतो. मी घागर खाली ठेवली, तोंड उघडलं, "कु—" एवढंच, आणि चंद्रकला आली बडबडत. कुंतानं हंडा उचलला. भरलाही नव्हता पुरता.

१४ जानेवारी २०२५

ठरवून टाकलं होतं. संक्रांतीचं निमित्त आहे, कोणी कोणाकडेही जातं. तिळगुळाची वाटी घेऊन रस्ता ओलांडला. दाराशी पोचले तर आत फोनवर बोलून राहिली होती, अमरशी. तिला कमी ऐकू येतं, फोन मोठ्यानं लावते.

"आई, होळी झाली का मी गाडी घेऊन येतो. आता एकटं नाही राहू द्यायचं तुला."

"येतो रे बापा, येतो. इथं कोण हाय माह्यं आता?"

वाटी घेऊन परत आले.

२ मार्च

कुंता सामान वाटते आहे. गाय चंद्रकलेकडे गेली. पाण्याचा मोठा पितळी गुंड गोपीचंदभाऊंकडे. सारं गाव जाऊन भेटून येतं. माझ्या घरासमोरून जातात, माझ्याकडे पाहतात, आणि पुढे जातात.

जाऊ दे. जाईना. कोणासाठी थांबेल?

पण संध्याकाळी तिथे दिवा नसेल तर मी कुठे पाहीन?

९ मार्च

प्रविणनं सिनेमा मोबाईलवर टाकला. आता कोणीही पाहू शकतं, फुकट. लिंक पाठवली. मी गुंजनला पाठवली. अजून कोणाला पाठवणार, मोबाईल चाळत बसले. नावं खूप आहेत. शाळेतली, नात्यातली. पाठवावी असं एकही नाही.

रात्रभर कोणाचा फोन आला नाही.

१३ मार्च

होळी. चौकात पेटवली. कुंता आली होती, नारळ टाकला, प्रदक्षिणा घातली. अमर सोमवारी येतो म्हणे. ज्वाळेच्या पलीकडून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. तिनंही नाही. मग धूर मध्ये आला आणि लोक पांगले.

१६ मार्च

गुंजनचा फोन. सिनेमा पाहिला म्हणाली, आणि रडायलाच लागली. मला वाटलं, आवडला म्हणून.

"आई, ते लग्न कुंतामावशीनं नाही मोडलं. मी मोडायला लावलं. मले नर्सिंग शिकायचं होतं व. बाबांसमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती. मावशीच्या पाया पडली मी. ती म्हणाली, 'मी पाहून घेतो, तुह्यं नाव येनार नाही कुठं.' म्हटलं, आईले तरी सांग. तर म्हणाली, 'तुह्या मायच्या पोटात काही राहत नाही, बापाले कळंल. अन् तिच्या समोर जाऊन मले खोटं नाही बोलता येनार.' म्हणून निरोप पाठवला तिनं. बाबा होते तोवर भीती वाटली. नंतर लाज."

फोन तसाच ठेवून रस्ता ओलांडला.

कुंता गाठोडी बांधत होती. मी दारात उभी. म्हटलं, "कुंते, गुंजननं सांगितलं मले."

तिचे हात थांबले. वर पाहिलं नाही. मग इतक्या वर्षांनी, कोणी न लिहिलेलं, एवढंच बोलली —

"पोट्टी सुखात हाय ना?"